भंगारातला नियॉनचा ट्रान्सफॉर्मर: तिघांतला कोणता घ्यावा?

कोथरूडची_कॉइल

नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे दुकानांच्या पाट्यांचे उतरवलेले ट्रान्सफॉर्मर आले आहेत. नियॉनच्या पाट्या काढून सगळीकडे एलईडी लागतायत, त्यातला हा माल. तीन नग बाजूला ठेवायला सांगून आलोय. बुधवारी बाजार भरला की परत जायचं आहे.

पहिला लोखंडी डबा, दोन्ही टोकांना पांढरी पोर्सेलिनची बुशिंग (तार डब्याबाहेर काढणारे इन्सुलेटर). प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सेकंडरी (बाहेर वीज देणारं वाइंडिंग) १०,००० व्होल्ट, ३० मिलिअँप, सेकंडरीचा मध्य अर्थ केलेला, असं आहे. वजन आठ-नऊ किलो असावं.

दुसरा तसाच, पण एकट्याने उचलणं कठीण. १५,००० व्होल्ट, ६० मिलिअँप. एक बुशिंग तडकलंय आणि खालच्या सांध्यातून डांबर ओघळून वाळलंय.

तिसरा प्लास्टिकचा, हातात मावणारा. १०,००० व्होल्ट, ३० मिलिअँप, २० किलोहर्ट्झ. भंगारवाला म्हणतो हा नवा आहे, हाच घे.

आधी जेकब्स लॅडर करायची आहे (दोन उभ्या तारांमधून ठिणगी वर चढत जाते ती), आणि नंतर स्पार्क गॅपवाली (ठिणगीच्या फटीवर चालणारी) छोटी टेस्ला कॉइल, हवेत लांब ठिणग्या सोडणारी. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, पण हाय व्होल्टेजला हात लावलेला नाही. मन दुसऱ्यावर बसलंय, कारण ताकद जास्त. काय म्हणता?


गिरगावचा_साइनवाला

मी आयुष्यभर पाट्यांचं काम केलं. नळ्या वाकवणारे कारागीर वेगळे, मी बसवणारा आणि दुरुस्तीवाला. म्हणून हा डबा मुळात असा का बनवलाय ते आधी सांगतो, म्हणजे निवड आपोआप होईल.

पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात १९१० साली जॉर्ज क्लोदने नियॉनच्या नळ्या पहिल्यांदा लोकांसमोर लावल्या. तेव्हापासून या नळीचा स्वभाव तोच आहे. पेटायला तिला भरपूर व्होल्टेज लागतं. एकदा पेटली की आतल्या वायूचा विरोध कोसळतो आणि ती मिळेल तेवढा करंट ओढत सुटते. साधा ट्रान्सफॉर्मर लावला तर नळी तरी जाईल नाहीतर ट्रान्सफॉर्मर. म्हणून या डब्यात प्रायमरी (मेन्सची वीज घेणारं वाइंडिंग) आणि सेकंडरीच्या मधे लोखंडी पट्ट्यांचे शंट बसवलेले असतात. लोड वाढला की चुंबकीय प्रवाहाचा काही भाग सेकंडरी सोडून त्या शंटमधून वळतो, आणि करंट ठरलेल्या आकड्यावर थांबतो. दोन्ही टोकं सरळ एकमेकांना जोडली तरी ३० मिलिअँपचा डबा ३०च्याच आसपास देतो, आणि तसा तासन्‌तास राहू शकतो. तुमच्या लॅडरला हेच हवं, कारण ठिणगी म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किटच.

म्हणजे प्लेटवरचे दोन आकडे एकाच वेळी खरे नसतात. १०,००० व्होल्ट मिळतात ते टोकं मोकळी असताना. ३० मिलिअँप मिळतात ते टोकं शॉर्ट असताना. पाटी चालू असते तेव्हा गोष्ट मधेच कुठेतरी असते.

आता तुमचे नग. दुसरा सोडा. बुशिंग तडकलं की पावसाळ्यात त्या फटीत ओल शिरते आणि तिथून बॉडीवर ठिणगी पडत राहते. पोर्सेलिनवर काळी रेघ ओढल्यासारखी दिसली तर समजा की कोळशाची वाट तयार झाली. डांबर बाहेर आलंय म्हणजे आतलं वाइंडिंग कधीतरी खूप तापलेलं आहे. भंगारवाला तो वजनावर, तांब्याच्या भावाने विकतोय, त्याच्या दृष्टीने जड तो चांगला. तुमच्या दृष्टीने तसं नाही.


कोथरूडची_कॉइल

काका, डांबर काढून आत दुरुस्त करता येतो असं वाचलं होतं. शंट काढले की करंट वाढतो असंही.


गिरगावचा_साइनवाला

डांबर काढणारे लोक आहेत. केरोसीनमध्ये कित्येक दिवस बुडवून ठेवतात, नाहीतर गार करून ठिसूळ झालं की छिन्नीने फोडतात. कोणी आगीवर धरतात, त्याचा धूर भयंकर असतो आणि भडका उडायला वेळ लागत नाही. इतकं करून आतली केसासारखी बारीक तार छिन्नीने तुटली की संपलं. शाबूत राहिली तरी पुन्हा तेलात किंवा मेणात बसवावी लागते, कारण ते डांबर म्हणजेच इन्सुलेशन. पहिल्या ट्रान्सफॉर्मरवर हा उद्योग नको.

शंट तर कधीच काढू नका. करंट बांधून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे आत. तार तेवढ्याच करंटसाठी काढलेली असते.


ओहायोकर

मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं इकडे अमेरिकेत. टेस्ला कॉइलवाल्यांत या ट्रान्सफॉर्मरचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि इकडेही जुने फ्रान्सफॉर्मर, ट्रान्सको, ॲलनसन, जेफरसन असे डबे पाट्यांच्या दुकानांतून मागून आणतात.

तिसऱ्या नगाबद्दल लिहितो. तो इलेक्ट्रॉनिक आहे. आत मेन्सचं डीसी करून २० किलोहर्ट्झने चालणारा इन्व्हर्टर आहे. त्यावर लोड नीट नसेल, टोकं मोकळी राहिली किंवा जमिनीकडे गळती दिसली की तो स्वतःला बंद करतो. स्पार्क गॅप म्हणजे त्याच्या दृष्टीने सतत बिघडलेला लोड. शिवाय टेस्ला कॉइलचा प्रायमरी कपॅसिटर ५० हर्ट्झच्या लाटेवर चार्ज व्हावा अशा हिशोबाने बसवतात, तो हिशोब २० किलोहर्ट्झला लागूच होत नाही. उलट येणारे झटके त्याच्या सेमीकंडक्टरना झेपत नाहीत. नळ्या पेटवायला तो उत्तम आहे, तुमच्या कामाला नाही. भंगारवाला खोटं बोलत नाहीये, नवा आहेच तो.

अजून एक सापळा आहे, तो तुमच्या तिघांत दिसत नाही पण पुढे बाहेरून आलेला माल पाहताना लक्षात ठेवा. इकडे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरमध्येही सेकंडरीच्या ग्राउंड फॉल्टचं संरक्षण असतं. प्लेटवर यूएल २१६१ (इकडचं सुरक्षा मानक) किंवा 'सेकंडरी ग्राउंड फॉल्ट प्रोटेक्टेड' असं लिहिलेलं असतं, काहींवर रिसेटचं बटण असतं. पाटीसाठी ते फार चांगलं आहे, आगी वाचतात. पण टेस्ला कॉइलला जोडला की एका ठिणगीत ट्रिप. म्हणून इकडचे लोक जुनाच शोधतात.

आणि कोणी नातेवाईक अमेरिकेतून आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा डबा तुमच्या ५० हर्ट्झवर १०० व्होल्टच्या वर नेला की कोर सॅच्युरेट व्हायला लागतो, म्हणजे लोखंडात आणखी चुंबकत्व मावत नाही. दोन डबे सिरीजमध्ये लावून २३० द्यावे असं काहीजण सुचवतात, पण तेव्हा प्रत्येकाला ११५ मिळतात, म्हणजे मर्यादेच्या १५ टक्के वर. गरम होणार, गुणगुणणार, आणि आतल्या इन्सुलेशनवर जादा ताण.


वायरमन_सांगली

पहिलाच घ्या, माझंही मत. पण एक विचारतो, घरात ३० मिलिअँपची आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) आहे का? सुरक्षेला ती हवीच.


कोथरूडची_कॉइल

आहे. नवीन फ्लॅट आहे, अर्थिंग पण तपासलंय. म्हणूनच जरा निर्धास्त होतो, ३० मिलिअँपचाच ट्रान्सफॉर्मर आणि ३० मिलिअँपचीच आरसीसीबी.


भौतिकशास्त्राच्या_बाई

थांबा, इथे जीव जाईल असा गैरसमज आहे.

आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधून जाणाऱ्या करंटची तुलना करते. फरक पडला तर तोडते. तुमच्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी प्रायमरीपासून वेगळी आहे. समजा तुमचा हात एका बुशिंगला लागला आणि पाय जमिनीवर आहेत. करंट हातातून, शरीरातून, जमिनीतून, अर्थिंगच्या तारेतून ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीला, तिथून सेकंडरीच्या मध्यबिंदूला जातो. वर्तुळ तिथेच पूर्ण झालं. प्रायमरीच्या फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला. आरसीसीबीला काहीही कळत नाही. ती प्रायमरीचं वाइंडिंग बॉडीला टेकलं तर वाचवेल, सेकंडरीपासून अजिबात नाही.

आणि ३० मिलिअँप म्हणजे कमी नव्हे. ५० हर्ट्झचा एवढा करंट छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, स्नायू आवळून हात सुटत नाही. पाच हजार व्होल्टला कोरडी त्वचा काहीच अडवत नाही. या ट्रान्सफॉर्मरची करंटमर्यादा नळीला आणि वाइंडिंगला वाचवण्यासाठी आहे, माणसाला नाही. साइनवाल्या काकांनी ती इतकी छान समजावली आहे, म्हणूनच हे मुद्दाम लिहिते.


वायरमन_सांगली

बाई, बरोबर आहे. मी प्रायमरीच्या बाजूचाच विचार करत होतो. आरसीसीबी असू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. बॉडीला मात्र घराचं अर्थिंग जोडलंच पाहिजे, तीन पिनच्या पक्क्या प्लगने. अर्थ सुटलेला असेल आणि एका टोकाची ठिणगी बॉडीशी संबंध असलेल्या कशावर पडली, तर अख्खा डबा जिवंत होतो.


लाकडी_नक्षी

विषय थोडा वेगळा, पण जवळचा. मला लाकडावर विजेची झाडासारखी नक्षी काढायची आहे. त्यासाठी लोक मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरतात, तो जुन्या ओव्हनमधून कमी पैशात मिळतो. नियॉनचा मिळत नसेल तर तो चालेल का?


भौतिकशास्त्राच्या_बाई

नाही. नियॉनचा मिळाला तरी ती नक्षी काढू नका.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर साधारण २,००० व्होल्ट देतो. आकडा लहान दिसतो म्हणून लोक फसतात. त्याच्यातून अर्धा-एक अँपिअर निघू शकतो, नियॉनच्या ३० मिलिअँपच्या डब्याच्या पंधरा ते तीस पट. स्पर्श झाला तर पुढे काही सांगायची संधी मिळत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूडकाम करणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत ही नक्षी काढायला बंदी घातली आहे. या कामात ३०हून अधिक लोक मेल्याची नोंद त्यांच्याकडे आहे. कारण कामाची पद्धतच वाईट आहे: ओलं लाकूड, मिठाचं किंवा सोड्याचं पाणी, दोन हातांत दोन तारा, आणि माणूस वाकून बघतोय. टेस्ला कॉइलवाला निदान लांब उभा राहतो. लाकडावर तापलेल्या सळईने नक्षी काढता येते, ती शिका.


लाकडी_नक्षी

एवढं माहीत नव्हतं. सोडून दिलं.


चाकणचा_बॉयलरवाला

निवडीत अजून एका जातीची भर घालतो. कारखान्यांतल्या ऑइल बर्नरला इग्निशन ट्रान्सफॉर्मर असतो, १०,००० व्होल्ट आणि २० मिलिअँपच्या आसपास. जुने लोखंडी नग मेंटेनन्सच्या भंगारात पडलेले असतात. त्यातही करंट बांधलेला असतो. पण प्लेट नीट वाचा: ईडी ३३ टक्के किंवा तसलं काही लिहिलेलं असतं. म्हणजे तीन मिनिटांतलं एकच मिनिट चालवायचा. बर्नर पेटवून झाला की त्याचं काम संपतं ना. लॅडर सलग चालवली तर तो तापून जाईल. नियॉनचा डबा मात्र संध्याकाळी लावून पहाटे बंद करायचा म्हणूनच बनवलेला असतो, हा मोठा फरक. नवीन बर्नरचे आता इलेक्ट्रॉनिकच येतात, ते तुमच्या तिसऱ्या नगासारखेच समजा.


ओहायोकर

हे फार कामाचं सांगितलंत. इकडेही तेच, जुना लोखंडी असेल तरच.

आता पहिल्या नगाचा हिशोब मांडतो, कारण कॉइलवाल्याला १५/६० (१५ किलोव्होल्ट, ६० मिलिअँपचा दुसरा नग) हवासा वाटतोय. १० किलोव्होल्ट गुणिले ३० मिलिअँप म्हणजे ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, इथे ढोबळमानाने वॅट). टेस्ला कॉइलवाल्यांत जॉन फ्रू यांचा एक अंदाजी नियम चालतो: वॅटच्या वर्गमुळाला १.७ने गुणलं की ठिणगीची लांबी इंचात मिळते. ३००चं वर्गमूळ सव्वासतरा, म्हणजे साधारण २९ इंच, पाऊण मीटरच्या आसपास. हा नीट जुळवलेल्या कॉइलचा आकडा आहे. पहिल्या कॉइलला त्याच्या निम्मं मिळालं तरी खोली उजळून निघते. १५/६० म्हणजे ९०० व्हीए, तीनपट पॉवर, पण लांबी वर्गमुळाने वाढते म्हणून जेमतेम पावणेदोनपट.

माझं ठाम मत: पहिल्या कॉइलसाठी ९ ते १२ किलोव्होल्टचा, ३० मिलिअँपचा डबा सगळ्यात योग्य. १५ किलोव्होल्टवाल्यांत आतल्या इन्सुलेशनला मुळातच कमी वाव उरलेला असतो आणि टेस्ला कॉइलवर तेच आधी जातात. त्यात तुमचा तर आधीच आजारी आहे.


गिरगावचा_साइनवाला

बुधवारी नेताना मीटर घेऊन जा. बाजारात वीज देता येणार नाही, पण ओहम मोजता येतात. आधी प्रायमरी: काही ओहम दाखवायला हवेत. मग एका बुशिंगपासून बॉडीपर्यंत आणि दुसऱ्या बुशिंगपासून बॉडीपर्यंत. मध्यबिंदू बॉडीला जोडलेला असतो म्हणून दोन्हीकडे किलोओहममध्ये आकडा यायला हवा, आणि दोन्ही जवळजवळ सारखे. एकीकडे आकडा आणि दुसरीकडे काहीच नाही, तर अर्धं वाइंडिंग तुटलंय. सेकंडरी बॉडीशी जोडलेली दिसते म्हणून शॉर्ट आहे असं समजू नका, ती तशीच असते. प्रायमरी ते बॉडी मात्र मोकळी हवी. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मिळाला तर ५०० व्होल्टवर तेवढीच एक तपासणी करा.

ओहममध्ये सगळं कळत नाही. मधले दोन-चार वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर रेझिस्टन्समध्ये फरकच दिसत नाही. त्याला घरी दुसरी तपासणी आहे.

मीटर लावताना आणि काढताना टोकांना बोटं नकोत. मीटरचा करंट अगदी थोडा असतो, पण एवढ्या वेढ्यांच्या वाइंडिंगमधून तो तोडला की झटका बसतो. बॅटरी लावून तपासायचा उद्योग तर कोणीच करू नये. बॅटरी काढताक्षणी सेकंडरीवर मोठं व्होल्टेज उसळतं.


कोथरूडची_कॉइल

बुधवारी जाऊन आलो. पहिला घेतला. प्रायमरीला ओहम आले, प्रायमरी ते बॉडी मोकळी, सेकंडरीचे दोन्ही अर्धे एकमेकांच्या अगदी जवळ. दुसऱ्याचं एक अंग पूर्ण ओपन निघालं, तेव्हा मन आपोआप उठलं त्याच्यावरून. काका, घरची तपासणी सांगा.


गिरगावचा_साइनवाला

ओहायोकरांनी सांगावं, त्यांचं गणित माझ्यापेक्षा चोख आहे. आम्ही डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून हळूहळू वर न्यायचो आणि नळी लावून बघायचो.


ओहायोकर

डिमरस्टॅट असेल तर उत्तमच. नसेल तर ६-०-६चा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा मधला आणि एक बाजूचा, म्हणजे ६ व्होल्ट, नियॉनच्या प्रायमरीला द्या. डब्याचं प्रमाण १०,००० भागिले २३०, म्हणजे ४३.५. तेव्हा सेकंडरीच्या दोन टोकांत सुमारे २६० व्होल्ट आणि प्रत्येक टोकापासून बॉडीपर्यंत १३०. हे साध्या मीटरच्या ७५० व्होल्टच्या रेंजमध्ये मोजता येतं. करंटही त्याच प्रमाणात उतरतो, एक मिलिअँपच्या आत. तरी हात दूरच ठेवा, क्लिप आधी लावा, मग स्विच चालू करा.

छोट्या ट्रान्सफॉर्मरवर ६ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना जास्त देतो, म्हणून प्रायमरीवर प्रत्यक्ष किती आहे तेही मोजा आणि भागाकार करा. आणि मीटर निदान १० मेगोहमचा हवा. अगदी स्वस्तातले मीटर एसीवर स्वतःच लोड होऊन बसतात आणि चांगला डबा वाईट दाखवतात.

पूर्ण २३० देऊन साध्या मीटरने सेकंडरी मोजायला कधीही जाऊ नका. मीटर हातात फुटतो.


कोथरूडची_कॉइल

केलं. प्रायमरीला ७.१ व्होल्ट, डावीकडे १५३, उजवीकडे १५४.


ओहायोकर

३०७ भागिले ७.१, म्हणजे ४३.२. प्लेटशी जुळतंय आणि दोन्ही अर्धे सारखे. वेढे चिकटलेले असते तर एक बाजू खाली आली असती आणि छोटा ट्रान्सफॉर्मर गरम झाला असता. निरोगी आहे. लॅडर करा आता.


भौतिकशास्त्राच्या_बाई

लॅडरबद्दल मी लिहिते, विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांबरोबर केली आहे. तारा तांब्याच्या जाड घ्या, खाली सेंटिमीटरच्या आतबाहेर अंतर, वर हळूहळू फाकत नेलेल्या. खालचं अंतर कमी ठेवून सुरुवात करा आणि वीज पूर्ण काढून, प्लग उपटून, मगच बदला. ठिणगीभोवतीची हवा तापून वर जाते आणि ठिणगीला घेऊन जाते, म्हणून पंख्याची झुळूक आली तरी चढत नाही. भोवती काचेचं आवरण हवं, खालीवर हवा खेळती. ॲक्रिलिक नको, ते पेटतं. ठिणगीतून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, बंद खोलीत घसा धरतो. सलग बघत बसू नका, तिच्यात अतिनील किरणही असतात.

ट्रान्सफॉर्मरपासून तारांपर्यंत घरातली वायर नको. तिचं इन्सुलेशन ११०० व्होल्टचं असतं. नियॉनची सिलिकॉन केबल घ्या, आणि तरीही तिच्यावर विश्वास न ठेवता बॉडीपासून, लाकडापासून आणि एकमेकींपासून लांब ठेवा. स्विच हाताच्या अंतरावर नको, खोलीच्या दाराशी. घरात पेसमेकर असलेलं कोणी असेल तर त्या खोलीत यायचं नाही. दुसरं माणूस शेजारी असल्याशिवाय चालू करायचं नाही, आणि त्या माणसाला आधी प्लग काढायचा, मग हात लावायचा, हे माहीत हवं.


कोथरूडची_कॉइल

काल रात्री गच्चीच्या खोलीत लॅडर चढली. धाकटा भाऊ दाराशी प्लगपाशी उभा होता. आवाज ऐकून शेजारचे काका वर आले आणि बराच वेळ लांबून बघत बसले. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता कॉइल. कपॅसिटर किती घेऊ? आणि डब्याला जपायचं कसं?


ओहायोकर

इथेच बहुतेक डबे मरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सेकंडरीची आतली लीकेज इंडक्टन्स (शंटमुळे येणारी, करंट अडवणारी) आणि तुमचा कपॅसिटर ५० हर्ट्झवर जुळले तर व्होल्टेज प्लेटवरच्या आकड्याच्या कितीतरी वर चढतं. तो जुळणारा आकडा म्हणजे करंट भागिले (२ × π × ५० × व्होल्टेज). तुमच्या डब्याला ९.५ नॅनोफॅरड येतो. नेमका तोच घेतला आणि स्पार्क गॅप थोडा जास्त उघडा राहिला, की इन्सुलेशन गेलं. म्हणून स्थिर गॅपसाठी त्याच्या दीडपट घ्यायची पद्धत आहे, तुमच्यासाठी १४ नॅनोफॅरडच्या आसपास. आनंदाची गोष्ट म्हणजे ०.१५ मायक्रोफॅरड, २,००० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन पल्स कपॅसिटर दहा सिरीजमध्ये लावले की नेमका १५ नॅनोफॅरड आणि २० किलोव्होल्ट होतात. तुमच्या सेकंडरीचं शिखर १४.१ किलोव्होल्ट, म्हणजे वाव चांगला आहे. १५ किलोव्होल्टचा डबा घेतला असता तर शिखर २१च्या वर गेलं असतं आणि कपॅसिटर वाढवावे लागले असते. प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगोहमचा ब्लीडर रेझिस्टर लावा, नाहीतर वीज बंद केल्यावरही चार्ज उरतो. तरीही हात लावण्याआधी अर्थ केलेल्या लांब काठीने टोकं शॉर्ट करायची. फॅनचे आणि ट्यूबलाइटचे कपॅसिटर इथे चालत नाहीत.

मेन स्पार्क गॅप ट्रान्सफॉर्मरच्या समांतर लावा, कपॅसिटर आणि प्रायमरी कॉइल सिरीजमध्ये. म्हणजे गॅप पेटला की उच्च वारंवारतेचा गोंधळ त्या वाटेने फिरतो आणि डब्यावर कमी येतो. डबा आणि गॅपच्या मधे टेरी फिल्टर बसवा: दोन्ही टोकांना सुमारे एक किलोओहमचे जाड वायरवाउंड रेझिस्टर, छोटे हाय व्होल्टेज कपॅसिटर आणि व्हॅरिस्टरची (जादा व्होल्टेज गिळणाऱ्या भागांची) माळ. जुने लोक चोक लावत, पण चोक स्वतःच रेझोनन्स करतो.


वायरमन_सांगली

अर्थिंगचं काय? कॉइलची खालची तार घराच्या अर्थला जोडायची का?


ओहायोकर

नाही. टेस्ला सेकंडरीचा तळ घराच्या अर्थला जोडला तर ती सगळी उच्च वारंवारता तुमच्या फ्रिज-टीव्हीच्या तारांत फिरते. तिच्यासाठी जमिनीत वेगळी सळई ठोका, जाड आणि आखूड पट्टीने जोडा. लॅडरला बॉडी घराच्या अर्थवर, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कॉइलसाठी प्लगपाशी मेन्सचा लाइन फिल्टरही लावा.


वायरमन_सांगली

चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला सळई कुठे ठोकणार?


ओहायोकर

तिथे प्रश्न आहे. फ्लॅटमध्ये कॉइल चालवायचीच नाही असं मी सुचवेन. एखाद्या मित्राचं वर्कशॉप, तळमजला, मागे मातीची जागा, असं काही बघा.


कोथरूडची_कॉइल

मामांचं भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तळमजला. रविवारी बंद असतं. तिथे करतो. सेफ्टी गॅप (व्होल्टेज फार चढलं तर आधी पेटून डब्याला वाचवणारी फट) किती उघडा ठेवू, तेवढं सांगा.


ओहायोकर

आकडा विचारू नका, बसवून ठरवा. तीन गोळे: दोन बाजूचे ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना, मधला बॉडीच्या अर्थला. टाकी (म्हणजे कपॅसिटर आणि प्रायमरी कॉइल) आणि मेन गॅप पूर्ण सुटे करा. गोळे जवळ ठेवा, दाराशी जा, २३० द्या. ठिणगी पडली तर बंद, प्लग बाहेर, काठी लावा, गोळे थोडे दूर. पूर्ण व्होल्टेजवर ठिणगी पडायची नुकती थांबेल तिथे नट आवळा. पुढे कॉइल चालवताना सेफ्टी गॅप वारंवार पेटायला लागला तर तो उघडू नका, मेन गॅप कमी करा.